कडा कापलेला फोटो

“फोटोला कडाच नाहीत, वेंडेल. नुसतं मधलं मधलं. कडा कापून फोटो देतं का कुणी? आणि मूळ निगेटिव्ह कुठे आहे म्हणून विचारलं, की सगळे खिडकीबाहेर बघायला लागतात. काय आहे हो त्या खिडकीबाहेर? बर्फ?”

“हळू बोल जरा. ती आतच बसलीय.”

“कोण?”

“फोटो काढणारी.”

मी आतच होते. डार्करूममध्ये, उलट्या घातलेल्या खोक्यावर बसून, मांडीवर डबा, आणि काट्याला टोचलेली, बटाटा-कांदा भरलेली पिरोगी तोंडाशी नेऊन थांबलेली. डार्करूम हे आता नुसतं नाव. दहा वर्षांपूर्वी मायक्रोस्कोपला नवा कॅमेरा बसला, फोटो थेट पडद्यावर यायला लागले, आणि इथे मोडक्या खुर्च्या, जुन्या फायली आणि दुपारी बारा ते साडेबारा मी, एवढंच ठेवायला लागले. फोटो पक्के करायच्या फिक्सरचा आंबूस वास मात्र भिंतींनी सोडलेला नाही. भिंत म्हणजे तरी काय, प्लायवूड. पलीकडे वेंडेलचं स्टोअर. तो शिंकला तर मी इकडून ‘जपून’ म्हणते. चौतीस वर्षं आम्ही दोघं एकमेकांचं खोकणं, उसासे, फोनवरची भांडणं ऐकत आलोय आणि ऐकलं नाही असं दाखवत आलोय. हे दाखवणं म्हणजेच आमची मैत्री. आज पहिल्यांदा तो म्हणाला, ती आत बसलीय. आणि ‘कडा’ हा शब्द ऐकून पिरोगी मी परत डब्यात ठेवली.

दार ढकलून अ‍ॅनालिन आत आली. अंधाराला डोळे सरावेपर्यंत तिथेच उभी राहिली.

“आते, तुम्ही ऐकलंत ना?”

“पिरोगी चावत होते. कानात तेच वाजत होतं.”

“रागावलात.”

“तू फोटोवर रागावलीस. मी थोडीच फोटो आहे?”

ती हसली, पण निम्मंच. “निगेटिव्ह मिळेल का हो? शुक्रवारी पाठवायचंय. समितीला कडेपासून कडेपर्यंत सगळं हवंय. नाही दिलं तर त्या विषाणूचं नाव यादीतून काढून टाकतील.”

“काढलं तर काय होईल?”

“काही नाही. यादीतली एक ओळ कमी.” मग तिचं तिलाच काहीतरी लागलं असावं. “म्हणजे, जगाला काही नाही. डॉक्टर स्काप्तींना कसं सांगायचं ते तुम्ही सांगा.”

शोधते, म्हटलं. शोधते! जी गोष्ट कुठे आहे हे झोपेतून उठवून विचारलं तरी मला सांगता येईल, ती मी शोधणार होते.

अ‍ॅनालिन आमची साहेब, विषाणू विभागाची प्रमुख. तो फोटो काढला त्या साली ती मनिलाजवळ कुठेशी जन्मली, आणि तीन वर्षांची असताना आईच्या कडेवर बसून विनिपेगला आली. त्यांच्यात मोठ्या बहिणीला आते म्हणतात, म्हणून मी आते. साहेबानं आपल्याला आते म्हणावं आणि चुका दाखवताना आवाज खाली करावा, याहून जास्त सुख नोकरीत असतं असं मला वाटत नाही. तिचं काही चुकत नव्हतं. जगातले सगळे विषाणू कुळाकुळांत बसवणारी जी समिती आहे, तिने यंदा जुना माळा साफ करायला काढला आहे. ज्या विषाणूचा नमुना कुणाकडे नाही, ज्याच्या पोटातला धागा, म्हणजे जनुकांची अक्षरं, कुणी वाचलेला नाही, त्याच्यासाठी कुणीतरी उभं राहून बोलावं, नाहीतर नाव खोडलं जाईल. आमच्या हालदोर खाडीतल्या माशांच्या विषाणूचा नमुना सत्त्याण्णव साली फ्रीझर बंद पडून सडला. धागा वाचायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. उरला तो एकोणनव्वदच्या जुलैतला एक फोटो. हल्ली सगळंच उलटं झालंय. कुणीही कधीही न पाहिलेले विषाणू शेकड्यांनी यादीत शिरतात. त्यांची अक्षरं सापडली की पुरे. चेहरा कुणी पाहिला नाही, गोत्र मात्र पक्कं. आणि आमचा हा, सगळ्यांनी पाहिलेला आणि कुणीच न वाचलेला.

सगळ्यांनी म्हणजे खरंच सगळ्यांनी. पाठ्यपुस्तकात पान दोनशे बारा, खाली बारीक अक्षरात: छायाचित्र, ओ. ह्नातियुक. मी ओरिसिया ह्नातियुक, शाळा जेमतेम संपवून इथे बाटल्या धुवायला लागले, आणि छापील जगात माझा उल्लेख एवढाच. आईने त्या पानाची प्रत फ्रिजवर चिकटवली होती. ती कोटांच्या कारखान्यात कापड बेतायची. फोटो पाहून म्हणाली, “बटणं चांगलीयत गं. सगळी एका मापाची.” नंतर ती हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा नर्सला सांगायची, माझ्या मुलीने एक जंतू पकडलाय, पुस्तकात आहे. नर्सला वाटायचं औषधाचा परिणाम. मी मान डोलवायचे. ते पान मी तिच्याबरोबर पेटीत ठेवलं. एक गोष्ट खरी असायला हवी होती, निदान तेवढ्या माणसापुरती, असं त्या दिवशी मनात येऊन गेलं होतं, आणि मी ते तिथेच मातीत सोडून घरी आले होते असं मला वाटत होतं.

साडेबाराला उठले, हात धुतले, मायक्रोस्कोपपाशी जाऊन बसले. कुठल्याशा वासराचं शेण तपासायला आलं होतं. तांब्याची जाळी असते, मसुराएवढी; चिमट्याने धरायची, थेंबभर नमुना ठेवायचा, पाण्याने धुवायचं, मग जड धातूचा रंग, आणि टिपकागदाच्या कडेने जादा रंग शोषून घ्यायचा. रंग विषाणूवर चढत नाही, त्याच्याभोवती साचतो. काळ्या डबक्यात पांढरा गोळा दिसतो तो असा: त्याला कुणी रंगवत नाही, त्याच्या आजूबाजूचंच काळं करतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्या गल्लीतल्या बायका एखादीची अब्रू अशीच दाखवायच्या. आज चिमटा हातात घेतला आणि धुण्याच्या पाण्याची बाटली उचलताना हात थबकला. बाटलीवर आजची तारीख होती. सकाळी मीच घातली होती. तरी पुन्हा पाहिली. मग ओतून दिलं आणि नवं भरलं. वासराच्या शेणात वासराला शोभतील असेच गोल, चाकाचे आरे दिसणारे विषाणू होते. मी नोंद केली. पुन्हा एकदा तारीख पाहिली.

मला शिकवलं ते डॉक्टर स्काप्ती थोर्डरसननी. शिकवलं म्हणजे पुस्तकं हातात दिली आणि चुकायला मोकळीक दिली. गिमली गावाच्या पुढे, विनिपेग तळ्याच्या पश्चिम काठावर, जाळी टाकणाऱ्या आइसलँडी घरात वाढलेला माणूस. हात अजून कोळ्याचेच, बोटं जाड, पण चिमटा धरला की घड्याळजी. बाटल्या धुताना मी एकदा त्यांना विचारलं होतं, हे सगळे गोळे कसे काय? त्यांनी षटकोनांची जाळी छापलेला कागद पुढ्यात टाकला. “सपाट पत्रा आहे असं समज. एकच नमुन्याचा तुकडा पुन्हापुन्हा जोडून केलेला, कारण या बिचाऱ्याच्या पोटात एवढीशीच चिठ्ठी, त्यात दहा प्रकारचे तुकडे लिहायला जागा कुठे? आता याचा गोळा कर बघू.” मी कागद वळवला, नळी झाली. “तसेही असतात,” ते म्हणाले, “तंबाखूचा तसाच, लांब काडी. पण गोळा?” मी म्हटलं, “टक घालावा लागेल.” “काय?” “टक. कापडाला छाती द्यायची तर टक घालतात ना. पाचर काढायची आणि कडा जोडायच्या.” घरी जाऊन मी न्याहारीच्या खोक्याचा पुठ्ठा काढला. आईने चष्मा लावून षटकोन पाहिले. “सहा पाकळ्यांतली एक काप, पाच राहू देत. तिथे फुगेल ते.” फुगलं. दुसरीकडे कापलं, तिथेही फुगलं. अशी बारा कोपऱ्यांत कापल्यावर गोळा बंद झाला, पक्का, वीस सपाट बाजूंचा. कितीही मोठा करा, मधे कितीही षटकोन घाला, पाचपाकळीचे कोपरे बाराच. दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठ्याचा गोळा मी त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून कॉफीच्या टेबलावर छताला दोऱ्याने टांगला, आणि तेव्हापासून लॅबची रीतच पडली: ज्याला नवा विषाणू सापडेल त्याने खोक्याच्या पुठ्ठ्याचा गोळा करून तिथे टांगायचा. अकरा आहेत. वेंडेल दर नाताळाला झटकतो. सर्वांत मोठा हालदोर खाडीचा, त्यावर ओट्सच्या डब्यावरच्या म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा अजून दिसतो. अ‍ॅनालिनच्या वेळचा एकही नाही. तिने सहा नवे शोधलेत, पण अक्षरं कशी टांगणार?

चार वाजता सगळे गेल्यासारखे झाले तेव्हा मी डार्करूमच्या खालच्या कपाटातला तिसरा खण उघडला. निगेटिव्ह क्रमांक ४४१७. पाकिटावर माझंच तेवीस वर्षांच्या मुलीचं गोल गोल अक्षर, एकोणीस जुलै. निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. त्यावर सगळं उलटं: डबकं पांढरं, गोळे काळे. मधोमध दाटीवाटीने तीसेक षटकोनी, देखणे, बटणांसारखे. आणि उजव्या कडेला, इतरांपासून दूर, एकटा एक. त्याला शेपूट. आखूड, जरा वाकडं, पण शेपूट. माशांच्या विषाणूंना शेपूट नसतं. शेपटीचे विषाणू बॅक्टेरियांवर जगतात, आणि बॅक्टेरिया कुठेही जगतात, अगदी शुद्ध म्हणवणाऱ्या पाण्यातही, ते उकाड्यात फार दिवस साठवलं तर. शेपूट नाजूक असतं, गळून पडतं. गळालेला मधल्या गर्दीत बसवला तर कुणाचंही कूळ लावता येतं त्याला.

निगेटिव्ह जेवणाच्या डब्यात ठेवली, झाकण लावलं. हे मी का केलं ते मला सांगता येणार नाही. बसमध्ये डबा मांडीवर होता आणि दर थांब्याला हात झाकणावर जात होता. शेजारच्या बाईला वाटलं असेल, काय खजिना आहे हिच्या डब्यात. लोक चढत होते, बुटांचा बर्फ वितळून मधल्या वाटेत पाणी वाहत होतं, आणि मी माझ्या नेहमीच्या खेळाला लागले. माणसांची मी दोन कुळं करते, वेष्टणवाली आणि उघडी. विषाणूंत जे वेष्टणवाले, ते ज्या घरात वाढले त्याच घराच्या भिंतीचा तुकडा अंगाभोवती लपेटून बाहेर पडतात. मऊ, ऐटदार, आणि साध्या साबणाने मरणारे. उघडे नुसते कवचावर निघतात. वाळतात, गोठतात, वर्षानुवर्षं दाराच्या कडीवर पडून राहतात आणि मरत नाहीत. टेओडोर, माझा एके काळचा नवरा, वेष्टणवाला. माझ्या घराचा एक तुकडा अंगावर घेऊन कॅलगरीला गेला, तिकडे कुणाच्या साबणाने विरघळला कळलं नाही. मी स्वतःला कायम उघड्यांत धरत आले. आज डब्यावर हात ठेवून बसले होते तेव्हा वाटलं, नाही बाई, तूही कुठल्यातरी भिंतीचा तुकडा गुंडाळून चौतीस वर्षं हिंडते आहेस. साबण लागला नाही इतकंच.

तो तुकडा मी कुणाच्या घराचा घेतला तेही माहीत आहे. त्या जुलैत हालदोर खाडीत पांढरे मासे मरून काठाला लागले, दुर्गंधी गिमलीपर्यंत. सरकारकडून दिवसातून तीनदा फोन. डॉक्टरांचा धाकटा भाऊ ब्यार्की, त्याच खाडीत जाळी टाकणारा, स्वतः बादलीत मासे घेऊन आला होता. उंच, भाजलेल्या नाकाचा, दारातूनच ओरडला, “स्काप्ती, पाणी तापलंय रे, बाकी काही नाही! तळाला गेलं तरी अंघोळीचं पाणी वाटतंय. त्यांना श्वास घेता येत नाहीये. तुझ्या काचेत काय बघतोस, हात घालून बघ.” डॉक्टर म्हणाले, “हात घालून कळत असतं तर मी इथे कशाला आलो असतो?” भावाभावांचं बोलणं ते, वर्षानुवर्षांचं काहीतरी त्यात होतं. मी यकृताचा लगदा केला, जाळीवर ठेवला, धुतला, रंग दिला. धुतला तो स्टोअरमधल्या मोठ्या काचेच्या बुधल्यातल्या पाण्याने. डिस्टिल्ड पाणी दर सोमवारी बदलायचं असा नियम. वेंडेल रजेवर होता, म्हणजे ते माझं काम. तीन सोमवार गेले होते. खाली टेओडोर गाडी सुरू ठेवून थांबला होता, त्याला हॉर्न वाजवायची वाईट खोड. एवढंच कारण. मोठं काही नाही. नंतर नवरा झाला तो, आणि नंतर तोही राहिला नाही, पण त्या हॉर्नचा आवाज आहे.

आणि मग डार्करूम. लाल दिवा, ताटात रसायन, त्यात फोटो उमलत आलेला. आम्ही दोघं वाकून पाहत होतो. डॉक्टरांनी काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे फोटोवर ठेवले, कुठला भाग छापायचा ते ठरवायला ठेवतात तसे. डावा स्थिर. उजव्यावर त्यांचा अंगठा होता. अंगठा क्षणभर थांबला. मग हळूच बोटभर आत सरकला, आणि शेपटीवाला पुठ्ठ्याखाली गेला. “इतकं पुरे,” ते म्हणाले. चिमट्यावरून फिक्सर टपटपत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांनी माझ्याकडे. एक फुटका, कचरा, बाहेरचा कुठलातरी: असं त्यांना वाटलंही असेल. चौतीस वर्षं त्यांच्या वतीने असं वाटून घेण्याचं काम मी केलंय. विषाणूच्या भीतीने खाडीत दोन उन्हाळे जाळी बंद राहिली. तिसऱ्या वर्षी मासे आपोआप परतले, पण तोवर ब्यार्कीने बोट विकली होती. तो पुन्हा लॅबमध्ये आला नाही, नाताळाला भावाच्या घरी नाही, वहिनीच्या मातीलाही लांब उभा राहून गेला. रजेवरून आल्यावर वेंडेलने बुधला धुतला होता. मी दारातून पाहिलं होतं, तळाला बुळबुळीत, हिरवट काहीतरी. तो घासत होता, घासत होता. मग त्याने बुधला उचलून नेला आणि नवा आणून ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाला, “जुन्याला तडा गेला होता.” मी म्हटलं, “हो का.”

त्यानंतर महिन्याभरात कधीतरी डॉक्टरांनी तो विनोद सुरू केला. सकाळी दारातून आत येताना: “काय गं, पाणी बदललंस का?” आणि मी: “सकाळीच, डॉक्टर.” सगळे हसायचे. नव्या मुलांना वाटायचं, म्हाताऱ्याला स्वच्छतेचं वेड. ते निवृत्त झाले, पत्नी गेली, गुडघे गेले, तरी दर गुरुवारी दहाच्या कॉफीला येतात आणि दारातून तेच विचारतात. चौतीस वर्षं मी तेच उत्तर देते. बुधवारी स्वयंपाकघराच्या खिडकीत, शेजाऱ्याच्या गाडीची, इंजिन गोठू नये म्हणून जोडलेली वीजतार बर्फावर लोंबत असलेली पाहत, निगेटिव्ह उजेडाला धरून उभी होते, तेव्हा पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की तो विनोद नसेल. ते विचारत असतील. दर आठवड्याला, दारात उभं राहून, टोपी हातात घेऊन, तो माणूस मला विचारत असेल, आणि मी दर आठवड्याला दार लावून घेत असेन.

त्या दिवशी मी रजा टाकली. अंगात कणकण आहे, कळवलं. अ‍ॅनालिनला एका ओळीचं पत्र लिहिलं: निगेटिव्ह सापडत नाही. पुसलं. सापडली पण खराब झाली आहे. पुसलं. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. नदीवर गेले. नदी गोठलेली, वरून पोरं स्केटिंग करत होती; टाकायचं म्हटलं तरी टाकणार कुठे? मार्चातल्या विनिपेगमध्ये माणसाला पापही बुडवता येत नाही. घरी येऊन न्याहारीचं खोकं रिकामं केलं, कात्री घेतली, षटकोन आखले आणि एकही पाकळी न कापता बसून राहिले. सपाट. सपाट राहिलं तर काही बंद होत नाही, काही लपत नाही, पण मग त्याला आतही काही ठेवता येत नाही.

गुरुवारी दहाला डॉक्टर आले. कोट काढला, दोऱ्या न सोडताच बूट उपसले, दारातच थांबले.

“काय गं, पाणी बदललंस का?”

“सकाळीच, डॉक्टर.”

वेंडेल नेहमीसारखा हसला. माझ्या तोंडून ते गेलंसुद्धा. सवय ही जिभेत राहते, तिला मन लागत नाही. मी कॉफी ओतली. डॉक्टरांनी मेणकागदातून त्यांचा तो थरांचा केक काढला, मधे सुक्या प्लमचं सारण, पत्नी गेल्यापासून स्वतः करतात आणि दर वेळी एक थर जाड होतो.

“आज सहाच थर,” वेंडेल म्हणाला. “एक चोरला वाटतं.”

“सातवा तुझ्या पोटात गेल्या गुरुवारचा आहे. खा गुमान.”

साखरेचा खडा दातांत धरून त्यांनी कॉफीचा घोट घेतला. मग खडा गालात सारून, छतावरच्या गोळ्यांकडे बघत म्हणाले, “ब्यार्कीला गिमलीच्या शुश्रूषालयात हलवलंय. काल भाचीचा फोन होता. फार दिवस नाहीत म्हणाली.”

“तुम्ही जाणार?” अ‍ॅनालिनने विचारलं. तिला जुनं काही माहीत नाही.

“विचारलं होतं मी. तो म्हणतो, मासे काय म्हणाले ते कळलं की ये.” ते हसले. कुणीच हसलं नाही. “एक्क्याऐंशी वर्षांचा झाला तरी तोंड तसंच.”

अ‍ॅनालिनने खुर्चीत चुळबुळ केली. फाइलमधून तिने पान दोनशे बाराची मोठी केलेली प्रत काढली आणि केकशेजारी ठेवली. “डॉक्टर, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. उद्या समितीला पाठवायचंय. फक्त एवढं सांगा, हा फोटो एवढाच होता की आजूबाजूला अजून काही होतं?”

वेंडेल उठला आणि खिडकीपाशी गेला. बाहेर बर्फ होता.

डॉक्टरांनी चष्मा पुसला, लावला. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा अंगठा कागदावर आला. आता कापतो तो, चौऱ्याऐंशीचा अंगठा, पण त्याला वाट विचारावी लागली नाही. मधल्या देखण्या गर्दीवरून सरळ उजव्या कडेला गेला, जिथे फोटो संपतो तिथे थांबला नाही, बोटभर पुढे कोऱ्या कागदावर गेला, आणि तिथे टेकला. बरोब्बर तिथे.

“किती छान ठळक आलेत,” ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा. “हिचा हात फार स्वच्छ. नेहमीच होता.” आणि मान वर न करता, हळू, जवळजवळ स्वतःशीच, “पाणी बदललं होतंस ना गं तू?”

डबा माझ्या मांडीवर होता. झाकण उघडलं तर आतल्या निगेटिव्हला परवाच्या कांद्याचा वास येत होता. ती मी प्रतीच्या उजव्या कडेला, त्यांच्या अंगठ्याखाली सरकवली. वेंडेलची पाठ ताठ झालेली मला दिसली. आई दिसली, चष्मा लावून बटणं मोजणारी. वर आमचा तो ओट्सच्या डब्याचा गोळा दोऱ्यावर जरासा फिरला, अर्ध्या चेहऱ्याचा म्हातारा दिसला आणि गेला.

“नव्हतं, डॉक्टर,” मी म्हटलं. “तीन आठवडे नव्हतं बदललं. हे बुधल्यातले आहेत. माशांत विषाणू नव्हताच. ब्यार्की म्हणत होता तेच खरं होतं.”